दिव्यांचे पैसे कार्डात घाला

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या सांगलीत पेढ्यांपाठोपाठ मला एक ठरलेला प्रश्न येतो : ५०-६० हजारांत गेमिंग पीसी बसेल का? मी दुकानदार नाही. नोकरी सांभाळून हौसेनं पीसी जोडतो. आधी स्वतःचा जोडला, मग भाच्याचा, मग भाच्याच्या मित्रांचे. त्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड पालथा घातला, पुण्यातली दुकानं हिंडलो, ऑनलाइन मागवलं, गावातल्या दुकानातूनही घेतलं. त्यातून जे कळलं ते इथं क्रमानं मांडतो. भाव मुद्दामच देत नाही, ते छापून येईपर्यंत बदलतात. निवडीमागचा विचार मात्र टिकतो, आणि तो एवढाच : जे पडद्यावर दिसतं त्यावर खर्च करा, जे मशीन वाचवतं त्यावर खर्च करा, जे नुसतं कॅबिनेटच्या काचेतून दिसतं त्यावर नको.

१. आधी गेम ठरवा, मग पार्ट

"कोणते गेम खेळणार?" असं विचारलं की उत्तर येतं, "सगळेच." मग मी विचारतो, "रोज कोणता?" इथं खरं उत्तर मिळतं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ हे स्पर्धेचे गेम सेटिंग थोडं उतरवलं की साध्या कार्डावरही पळतात. तिथं प्रोसेसर आणि रॅमची कसोटी लागते. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ सारख्या कथेच्या गेमना मात्र दमदार कार्डच हवं. रोजचा गेम पहिल्या जातीचा असेल तर कार्डातले काही पैसे निर्धास्तपणे मॉनिटरकडे वळवा. प्रत्येक गेमची किमान आणि शिफारस केलेली गरज कंपनी जाहीर करते. त्यातली शिफारशीची ओळ वाचायची. किमान म्हणजे गेम सुरू होतो एवढंच.

२. मॉनिटर कार्डाच्या आधी निवडा

कार्डाला किती राबावं लागणार ते मॉनिटर ठरवतो. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण पावणेएकवीस लाख ठिपके. १४४०पीला तेच जवळपास ३७ लाख होतात आणि फोरकेला ८३ लाख. प्रत्येक फ्रेमला एवढे ठिपके रंगवायचे. ५०-६० हजारांच्या मशीनला फोरके मॉनिटर जोडणं म्हणजे स्वतःच्या हातानं गेम मंद करणं. या बजेटला २४ इंची, १०८०पी, आयपीएस पॅनल आणि १४४ हर्ट्झ किंवा त्याहून वरचा मॉनिटर मला सगळ्यात समाधानाचा वाटत आला आहे. पुढं कार्ड बदललं तरी तो कायम राहतो.

घरी आणल्यावर दोन गोष्टी तपासा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः निवडावा लागतो. १४४चा मॉनिटर घेऊन वर्षभर ६०वर खेळणारी मुलं मी पाहिली आहेत. दुसरं म्हणजे केबल मागच्या बाजूला कार्डाच्या पोर्टात लावायची, बोर्डाच्या नाही. "नवा पीसी सुरूच होत नाही" अशा कितीतरी फोनांचं मूळ तिथंच निघतं.

३. कार्डाचं नाव पूर्ण वाचा

सगळ्यात जास्त पैसे इथं जातात आणि सगळ्यात जास्त फसगतही इथंच होते. एकाच नावाखाली वेगवेगळा माल विकला जातो. आरटीएक्स ३०६० २०२१ साली १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटच्या बससह आलं. नंतर त्याच नावाचं ८ जीबी, १२८ बिटचं कार्ड आलं, ते चांगलंच मंद आहे. जीटीएक्स १०६०च्या ३ आणि ६ जीबीच्या कार्डांत नुसती मेमरी नाही, आतले कोअरही कमी-जास्त होते. जीटी १०३०ची डीडीआर४ आवृत्ती जीडीडीआर५ आवृत्तीपेक्षा खूपच मागं पडते. काउंटरवर मात्र एकच वाक्य ऐकू येतं, "दादा, तेच कार्ड आहे, घेऊन टाका." अशा वेळी शांतपणे विचारायचं : मेमरी किती, कोणत्या जातीची आणि बस किती बिटची?

नुसता जीबीचा आकडाही फसवा असतो. २०१४चं जीटी ७३० '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' म्हणून अजून विकलं जातं. मेमरी चार जीबीची आहे हे खरं. पण ती संथ डीडीआर३ आहे आणि चिप त्याहून संथ, त्यामुळं आजच्या गेमला त्याचा उपयोग नाही. उलट आरएक्स ६५०० एक्सटीची चिप त्यामानानं नवी; पण ते बोर्डाशी चारच लेननी बोलतं, म्हणून जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावर बसवलं की ते आणखी मंदावतं.

माझा ठोकताळा असा : मॉनिटर आणि यूपीएस बाजूला ठेवून उरलेल्या रकमेतले ३५ ते ४० टक्के कार्डाला. कथेचे नवे गेम खेळायचे असतील तर ८ जीबीच्या खाली उतरू नका.

४. 'आय-फाइव्ह आहे का?' हा प्रश्न सोडा

पालक हटकून हाच प्रश्न विचारतात. पण २०१३च्या आय-५ ४५७०ला चार कोअर आणि चारच थ्रेड होते. २०२२च्या आय-३ १२१००एफला चार कोअर, आठ थ्रेड आहेत आणि त्याचा एकेक कोअरही कितीतरी चपळ आहे. नावातल्या तीन-पाचपेक्षा पिढी पाहायची. रायझन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००एफ असे सहा कोअरचे प्रोसेसर या बजेटच्या कार्डांना पुरून उरतात. त्याच्या वरच्या पायरीला जाणारे पैसे कार्डात घातले तर फ्रेम जास्त वाढतात.

इंटेलच्या नावाअखेरचा 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल किंवा बिघडलं तर पडदा काळाच. हातात पैसे अगदीच कमी असतील तर रायझन ५ ५६००जी घ्या. त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर हलके गेम चालतात, कार्ड पुढच्या दिवाळीला घेता येतं. फक्त त्यात कॅशे ५६००च्या निम्मी आणि पीसीआयई ३.० आहे हे लक्षात ठेवून पुढचं कार्ड निवडा.

५. बोर्ड पुरता घ्या, पण पुढची वाट बघून

बोर्डानं फ्रेम वाढत नाहीत. त्यावर लागणारी पोर्टं आहेत का, रॅमचे स्लॉट किती, एसएसडीचा एम.२ स्लॉट कोणता, एवढं पाहिलं की झालं. पण सॉकेटचा विचार हवा. एएमडीच्या एएम४नं लोकांना भरपूर साथ दिली : २०१७च्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून ५००० मालिकेचे प्रोसेसर बसले. आज मात्र तो रस्ता संपत आला आहे. २०२२मध्ये आलेलं एएम५ फक्त डीडीआर५ घेतं, सुरुवातीला महाग पडतं, पण पुढं नुसता प्रोसेसर बदलायची सोय ठेवतं. पुढच्या चार-पाच वर्षांत प्रोसेसरला हात लावणार नसाल तर एएम४ किंवा इंटेलच्या १२व्या पिढीचा संच अजून परवडतो. एक-दोन वर्षांनी वाढवायचंच ठरलं असेल तर आत्ताच थोडी कळ सोसून एएम५ घ्या.

६. रॅमच्या दोन काड्या

१६ जीबीची एक काडी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या. दोन चॅनल एकदम चालतात, त्याचा फरक गेममध्ये दिसतो; ५६००जीसारख्या आतल्या ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरला तर फारच, कारण त्याचं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. चार स्लॉटच्या बोर्डावर काड्या बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात लागतात, बोर्डाच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू करायचं. ते न केल्यास ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर रेंगाळते आणि दिलेले पैसे फुकट जातात.

२०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली आणि रॅमचे भाव भडकले. वर्षभर आधीची यादी घेऊन दुकानात गेलेले लोक रिकाम्या हातानं परत आले. म्हणून मित्राच्या जुन्या बिलावर बजेट आखू नका. दोन-तीन ठिकाणचं कोटेशन एकाच आठवड्यात घ्या.

७. एसएसडी एक टीबीची

एसएसडीनं फ्रेम वाढत नाहीत, वाट पाहणं कमी होतं. पण मोठे गेम आता सहज शंभर जीबीच्या वर जातात. विंडोज आणि दोन-तीन गेम टाकले की ५०० जीबी संपतात. म्हणून पहिल्याच दिवशी एक टीबीची साधी एनव्हीएमई घ्या. अतिवेगवान आणि महागडीची गरज नाही. फोटो-सिनेमांसाठी घरातली जुनी हार्ड डिस्क जोडा.

८. एसएमपीएसमध्ये काटकसर नको

"कॅबिनेटसोबत ४५० वॉटचा एसएमपीएस फ्री" हे वाक्य ऐकलं की मी लेबल पाहायला मागतो. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात, म्हणून लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते बघायचं. ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर तिथं साधारण ४४-४५ अँपिअर असतात. १२ ला ४५नं गुणलं की ५४० वॉट. '४५० वॉट'च्या खोक्यावर तोच आकडा १८ असेल तर तो खरा २१६ वॉटचाच. बाकी सगळं स्टिकर.

हिशोब फार मोठा नसतो. रायझन ५ ५६०० ताणला तर ७५ वॉटच्या आसपास, आरएक्स ६६०० १३२ वॉट किंवा आरटीएक्स ४०६० ११५ वॉट, बाकी सगळं मिळून पन्नासेक. बेरीज अडीचशेच्या घरात. म्हणजे चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा पुरतो आणि पुढच्या कार्डालाही जागा राहते. ८५०चा घेण्याचं कारण नाही. '८० प्लस ब्रॉन्झ' किंवा 'गोल्ड' ही मोहोर फक्त वीज किती वाया जाते ते सांगते. आत सुरक्षेची व्यवस्था कशी आहे ते ती सांगत नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची हेही विचारा. जो पाच वर्षांची देतो त्याला आपल्या मालाचा भरवसा असतो.

९. वीज आणि अर्थिंग

आपल्याकडचे पीसी वापरानं कमी आणि विजेनं जास्त मरतात, असं माझं मत झालं आहे. यूपीएसवर व्हीए मोठ्या अक्षरात आणि वॉट बारीक लिहिलेले असतात. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचा असतो. वरचं मशीन आणि मॉनिटर मिळून तीनशेच्या जवळ गेलं की बॅटरी जरा जुनी झाल्यावर तो मान टाकतो. १००० व्हीएचा घेतला तर निवांत. काही स्वस्त यूपीएसचा बॅटरीवरचा करंट शुद्ध साइन वेव्ह नसतो. नव्या एसएमपीएसना तो कधीकधी झेपत नाही आणि पीसी तिथंच बंद होतो. म्हणून शक्य असेल तर घेण्यापूर्वीच गेम चालू ठेवून मेन्सचं बटण बंद करून बघा. यूपीएस भारनियमनात खेळत बसण्यासाठी नाही, नीट बंद करण्यासाठी आहे.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष पीसीचा नसतो, बहुतेक वेळा घराला अर्थिंग नसतं. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर अशा वेळी कॅबिनेटवर मेन्सच्या साधारण निम्मा व्होल्टेज आणून ठेवतात. करंट अगदी थोडा असतो, तरी ते अंगावर काढू नका. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन तोडू नका. पीसी आणायच्या आधी वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्या.

१०. काच कमी, जाळी जास्त

भाचा म्हणाला होता, "मामा, दिवे नसतील तर गेमिंग पीसी वाटतच नाही रे." मी त्याला दोन कोटेशनं समोरासमोर ठेवून दाखवली. दिव्यांचे पंखे, दिव्यांची रॅम, काचेचं कॅबिनेट, वर दिव्यांचा कूलर यांची बेरीज केली तर कार्ड एक पायरी वर जात होतं. त्यानं कार्ड घेतलं. दिव्याची पट्टी नंतर टेबलामागं लावली, थोडक्यात भागलं.

कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा हवा. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा, एवढं बस. परदेशी चाचण्यांमधलं तापमान २०-२५ अंशांच्या खोलीतलं असतं. मे महिन्यात आपली खोली ३८-४० वर असते, तेव्हा आतले आकडेही तितकेच वर सरकतात. काचेच्या बंद तोंडाच्या कॅबिनेटात मग कार्ड स्वतःचा वेग उतरवतं आणि पंखे ओरडतात. जाळीमागं धूळ अडवणारा फिल्टर असावा, तो धुता यावा. ब्लोअरनं धूळ उडवताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग जातं. कोकणात राहणाऱ्यांनी पीसी खिडकीपासून दूर ठेवावा. खारी हवा स्क्रू आणि पोर्टं गंजवते.

११. माउस आधी, बाकी सावकाश

कीबोर्ड, माउस, हेडसेट आणि मॅट असा दिव्यांचा चौकडा एकाच खोक्यात मिळतो. स्वस्त दिसतो, पण त्यातला माउसच बहुधा सगळ्यात हलका निघतो आणि नेमबाजीच्या गेममध्ये हात त्यावरच असतो. नामांकित कंपनीचा वायरचा, हातात बसणारा माउस वेगळा घ्या. डीपीआयचे प्रचंड आकडे विसरा. कीबोर्ड सुरुवातीला साधा चालतो. हेडसेटऐवजी मोबाइलचा इअरफोन चालतो. मात्र ज्या कॅबिनेटात माइक आणि आवाजाचे जॅक वेगळे असतात तिथं एक छोटा स्प्लिटर लागतो, नाहीतर तुम्हाला सगळे ऐकू येतात पण तुमचं कोणालाच नाही. 'गेमिंग' लिहिलेल्या रेसच्या गाडीसारख्या खुर्चीपेक्षा ऑफिसची जाळीच्या पाठीची खुर्ची कंबरेला बरी.

१२. जुना माल बघून, वाजवून

१५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमची व्यवस्था बदलली, कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि बाजारात जुन्या कार्डांचा पूर आला. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असू शकतात. जुनं कार्ड घेताना ते विक्रेत्याच्या मशीनवर समोर अर्धा तास गेम चालवून बघा, तापमान पाहा, सीरियल नंबर बिलाशी जुळवा. जुना प्रोसेसर सहसा धोका देत नाही. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र मी जुनी घेत नाही.

ऑफिसमधून निघालेले जुने पीसी स्वस्तात मिळतात. अभ्यासाला उत्तम. पण त्यात एसएमपीएस लहान असतो, कार्डाला लागणारी वायर नसते, कित्येकांत बोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचे असल्यामुळं बदलताही येत नाहीत. शिवाय विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. ते जुन्या मशीनवर नसेल तर गेम उघडतच नाही. विंडोज १०चा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे.

१३. बिल हा सुद्धा एक पार्ट आहे

"बिल नको असेल तर कमी करतो" ही सवलत महागात पडते. पीसीच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे; तो टाळताना आपण तीन वर्षांची वॉरंटी दुकानदाराच्या मर्जीवर सोडून देतो. ओळखीतल्या एका मुलाच्या कार्डाचा पंखा बंद पडला. बिलावर एका ओळीत 'कॉम्प्युटर पार्ट्स' एवढंच होतं, सर्व्हिस सेंटरनं ते परत केलं. म्हणून प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, खोकी जपून ठेवा. सुटा 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्यासोबत कूलर नसतो. त्याची वॉरंटी कोण देणार ते लिहून घ्या. आपल्या जिल्ह्यात कोणत्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे ते आधी विचारा. दोन कार्डं सारखी असतील तर ज्याचं सेंटर जवळ ते माझं.

१४. घरच्यांसमोर पूर्ण हिशोब ठेवा

टॉवर, मॉनिटर, यूपीएस, माउस-कीबोर्ड, विंडोजचं लायसन्स, टेबल-खुर्ची सगळं एका कागदावर लिहा. क्रॅक केलेलं विंडोज किंवा गेम टाकून लायसन्सचे पैसे वाचवू नका. त्यातूनच पासवर्ड चोरीला जातात आणि विकत घेतलेले गेम खात्यासकट हातचे जातात. विजेचंही सांगा : ३०० वॉट आणि रोज चार तास म्हणजे दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. हे आकडे स्वतः मांडणाऱ्या मुलाला आई-वडील सहसा नाही म्हणत नाहीत.

पैसे कमी पडलेच तर कापण्याचा क्रम सांगून थांबतो. आधी दिवे आणि काच कापा, मग कीबोर्ड-हेडसेट, मग बोर्ड, मग प्रोसेसरची वरची पायरी. तरीही भागलं नाही तर कार्ड एक पायरी खाली आणा किंवा चार महिने थांबा. एसएमपीएस, अर्थिंग आणि बिल यांना मात्र कात्री लावू नका. यादी तयार झाली की आठवडाभर तशीच ठेवा, रोज एकदा वाचा. प्रत्येक पार्टपुढं "हा का?" याचं एका वाक्यात उत्तर देता आलं तरच खिशात हात घाला.